शाळेच्या हवेचा अहवाल

त्या जानेवारीत आमच्या गावात सगळं उघडं होतं आणि शाळा बंद होती. सोमवारचा बाजार भरत होता. पानठेल्यावर एक विडी चौघांत फिरत होती. लग्नाच्या पंगती मांडीला मांडी लावून बसत होत्या आणि वाढपी हनुवटीखाली मास्क लटकवून, तोंड पूर्ण मोकळं ठेवून, 'घ्या ना बावा घ्या' म्हणत ताटावर वाकत होते. यात कोणाला काही धोका दिसत नव्हता. करोनाला आमच्या गावात शिरायला एकच वाट आहे आणि ती म्हणजे शाळेचं फाटक, यावर मात्र सर्वांचं एकमत होतं.

अशात वरून आदेश आला की शाळा उघडायची की नाही हे ज्या त्या गावाने ठरवावं. आदेश काढणाऱ्याने आमचं गाव पाहिलेलं नसावं. हातपंप कुठे खोदायचा हे ठरवायला आम्हाला दोन पंचायतींची कारकीर्द लागली होती, आणि शेवटी तो सरपंचांच्या गोठ्यासमोर निघाला. सरपंच गोवर्धनभाऊंच्या म्हशी तेव्हापासून स्वच्छ असतात.

मला या वादात पडायचं काही कारण नव्हतं. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. आहे. लहानपणापासून अमरावतीत शिकलो आणि तिथेच एका शिकवणी वर्गात शिकवत होतो. तो वर्ग गेल्या उन्हाळ्यात बंद पडल्यापासून घरी होतो. गावात माझी ओळख 'भगवंतरावाचा शिकेल पोरगा' अशी होती. 'शिकेल' हा शब्द आमच्याकडे लोक साधारण 'साप चावलेला' याच्या चालीवर म्हणतात.

पण धामणगाव रेल्वेहून मामा आला आणि माझी धाकटी बहीण आकांक्षा हिच्यासाठी स्थळ घेऊन आला.

"ती नववीत आहे," मी म्हणालो. "कायद्यानं हे—"

"कायदा मले नोको सांगू," मामा म्हणाला. "आता निस्ते पाहून जातीन. घर चांगलं हाय. कुंकू लावून ठेवू, बाकी मंग पाहू."

"शाळा हाय कुठी पन?" आई म्हणाली. तिचं नाव वच्छला, पण घरात तिचा हुकूम नावाशिवाय चालतो. "दोन वर्सं झाले, पोट्टी मोबाईल घेऊन पान्याच्या टाकीवर चढते आन चार गाने पाहून उतरते. घरी बसून कोनाचं भलं झालं?"

आकांक्षा भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आन शाळा उघडली तं?"

बाबांच्या कानाला मोबाईल होता. त्या हिवाळ्यात बाबा दिवसभर कापसाचे भाव ऐकत असत. भाव रोज चढत होते आणि बाबांचा चेहरा कीर्तनाला बसल्यासारखा होत चालला होता. त्यांनी मोबाईल खाली घेतला आणि मोठ्या मनाने निकाल दिला. "पाह्यनारे या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतेत. त्याच्या आंधी शाळेची घंटा वाजली आन शाळा चालली, तं दहावी होयेपर्यंत हा इषय बंद. नाई चालली, तं मामाले हो म्हनतो. झालं?"

मामा हसला. शाळा उघडण्याची शक्यता त्याने मनातल्या मनात मोजली असावी.

आकांक्षाने भाजीचं ताट माझ्यासमोर सरकवलं. "दादा, तू एम.एस्सी. हायेस ना?"

"आहे."

"मंग कर ना काई तरी."

विज्ञानाला इतकं थेट आव्हान मला विद्यापीठातही कोणी दिलं नव्हतं.

मी शांतपणे विचार केला. लोक म्हणत होते की वर्गात धोका आहे. धोका मोजता येतो. माणसं श्वास सोडतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खोली कोंदट असेल तर तो साठतो आणि आपण एकमेकांची उष्टी हवा पुन्हा आत घेतो. हे मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र मिळतं. ते मी मागवलं. घराची बाहेरची खोली त्या वर्षी कधी नव्हे ती रिकामी होती. हे माझं भाग्य समजून मी तिथे टेबल टाकलं आणि कामाला लागलो.

यंत्र आल्याची बातमी माझ्या आधी गावभर पोचली. शेजारच्या हमिदाखाला सर्वांत पुढे. खालांचं किराणा दुकान आहे आणि त्यांची नात अनीसा आकांक्षाच्या वर्गात आहे, त्यामुळे त्या माझ्या बाजूच्या होत्या. पण बाजूचा माणूस सल्ला कमी देतो असं काही नाही.

"बेटा, ह्याले कापराचा धूर दाखव पयले," खाला म्हणाल्या. "नवी चीज हाय, नजर लागते. कापूर मी देतो. नाई तरी औंदा कापूर खपूनच नाई राह्यला. दरसाल या दिवसांत डब्बेच्या डब्बे जातेत, खोबरेलही जाते. औंदा दोन्ही तसंच पडून हाय."

मी त्यांना समजावून सांगितलं की देवळं बरेच दिवस बंद होती, आरत्या कमी झाल्या, म्हणून कापराची मागणी घटली. खोबरेलाचा संबंध लग्नसराईतल्या गर्दीशी जोडला. नेमका कसा ते आता आठवत नाही. खालांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. स्पष्टीकरण तयार असलं की ते बरोबरच असतं, असं मला त्या काळी वाटत असे.

मग मी मोजत सुटलो. लग्नाच्या मांडवात मोजलं. आकडा पाहून मी स्वतः बाहेर पळालो. बँकेच्या रांगेत मोजलं, तिथे चौकीदाराने मला दरोड्याची तयारी करणारा समजून बाजूला घेतलं. पंचायतीच्या बंद खोलीत सभा चालू असताना मोजलं आणि यंत्र किंचाळायला लागलं. गोवर्धनभाऊ म्हणाले, "अबे, बंद कर ते. चार मानसं बोलून राह्यले, दिसत नाई?" शाळेच्या व्हरांड्यात मात्र हवा इतकी निर्मळ निघाली की मी दोनदा यंत्र हलवून पाहिलं.

हे सगळं मी ग्रामसभेत तक्त्यांसकट मांडलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. 'उष्टी हवा' हा शब्द तर त्यांना फार आवडला; पुढे गावात कोणी जवळ येऊन बोललं की लोक 'उष्टी हवा नोको सोडू' म्हणू लागले. एवढंच माझ्या विज्ञानाचं समाजाला योगदान.

चर्चा मग उंच पातळीवर गेली. जे गृहस्थ आदल्या दिवशी आठवीतल्या पोराला मोटारसायकलच्या सीटवर मधे बसवून तिघं जण बाजार करून आले होते, ते म्हणाले की लेकरांच्या जिवाशी खेळू नये. ज्यांच्या मुलीने दोन वर्षांत पुस्तक पाहिलं नव्हतं ते म्हणाले की शिक्षण कुठं पळून जात नाही. माझे बाबाही उठले आणि म्हणाले, "आंधी जीव, मंग शाळा." टाळ्या पडल्या. घरचा माणूस विरोधात बोलला याचं मला वाईट वाटलं, पण विचारस्वातंत्र्य म्हणून मी तेही गिळलं.

शेवटी गोवर्धनभाऊंनी नेमका प्रश्न विचारला. "शिवम, तू सारं मोजलं. पन वर्गाच्या अंदरची हवा मोजली काय?"

"नाही. वर्गांना कुलूप आहे."

"मंग? अंदरची मोजल्याबिगर कसं काय म्हनतं?"

मुद्दा शास्त्रीय होता. मी त्यांचे आभार मानले आणि किल्ली मागितली. इथून पुढचा आठवडा मी किल्लीमागे घालवला.

गोवर्धनभाऊ म्हणाले, चाबी मुख्याध्यापक हुसेन सरांपाशी. हुसेन सर भला माणूस; दोन वर्षं रोज सकाळी शाळेत येऊन रिकाम्या पटांगणाची हजेरी घेत होते. किल्लीचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाबी? बेटा, पहिल्या लाटेत पंचायतीनं खोल्या विलगीकरण कक्ष म्हणून घेतल्या. परत कुठे दिल्या? मी तर व्हरांड्याचा मुख्याध्यापक आहे आता."

"पण विलगीकरणात कोणी आहे का?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विलगीकरणात कोण आहे हे विचारायचं नसतं. नियम आहे."

पंचायतीत कळलं की कक्ष आरोग्य खात्याच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही. आरोग्य केंद्रात कळलं की आमच्या गावात असा कक्ष असल्याची त्यांच्याकडे नोंदच नाही.

"मग तसं लिहून द्या," मी म्हणालो.

"जो कक्ष नाहीच, त्याच्याबद्दल लिहून कसं देणार?" तिथल्या साहेबांनी विचारलं, आणि मला हा तर्क इतका पक्का वाटला की मी चहा पिऊन परत आलो.

रविवार जवळ येत होता. आई पोह्यांची तयारी करत होती. आकांक्षा माझ्या टेबलावरचं यंत्र रोज फडक्याने पुसून ठेवत होती. ते मला जास्त लागत होतं.

मी खिडकीचा मार्ग धरला. मागच्या बाजूची एक काच फुटलेली होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाच्या, लांब काडीला यंत्र बांधून मी आत सरकवलं. आत काळोख होता आणि खिडकीपर्यंत काहीतरी मऊ, पांढरं रचलेलं होतं. काडी पुढे जाईना. आकडा उत्तम आला. यंत्र बाहेर काढलं तेव्हा त्याला कापसाचे पुंजके चिकटले होते. त्यावर मी भरपूर विचार केला आणि अहवालात नोंद केली : 'विलगीकरणासाठी आणलेल्या गाद्या फाटल्या असून कापूस बाहेर आला आहे. शाळा सुरू करण्यापूर्वी गाद्या हलवाव्यात.' हे वाक्य लिहिताना आपण बारकाईने पाहणारे आहोत, असं समाधान मला वाटलं होतं.

अहवाल छापून बांधून घ्यायला मी अमरावतीला गेलो. परतताना एसटीच्या खिडकीतून कापसाने भरलेल्या मेटॅडोरांची रांग जिनिंगच्या गिरणीकडे जाताना दिसली. त्या दिवशी कापसाच्या भावाने सगळ्यांना हवी होती ती उडी मारली होती. चला, शेतकऱ्याला चार बरे दिवस, असं मला अगदी मनापासून वाटलं. एका मेटॅडोरच्या टपावर बाबांसारखा कोणी बसलेला दिसला, पण ते अंतर आणि वेग पाहता ओळख पटवणं अशास्त्रीय ठरलं असतं.

गावात पोचलो तर चमत्कार. शाळेची कुलुपं निघालेली. व्हरांड्यात पाणी शिंपडलेलं. शाळेच्या समितीने एकमताने ठराव केला होता की 'गावातील सुशिक्षित तरुणाने केलेल्या वैज्ञानिक मोजमापानुसार' शाळा उघडण्यास हरकत नाही. माझा अहवाल माझ्या पिशवीतच होता. तो न वाचता इतका परिणाम करेल असं मलाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोवर्धनभाऊंनी शाल दिली, नारळ दिला. "असे पोट्टे गावागावात पायजे," ते म्हणाले. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी चार वाक्यं बोललो. त्यांत 'विवेक' हा शब्द दोनदा आला, हे सांगताना आज अंग चोरावंसं वाटतं.

गुरुवारी घंटा वाजली. आमच्या शाळेची घंटा म्हणजे लटकवलेला रुळाचा तुकडा. हुसेन सरांनी तो असा बडवला की शिवारातून लोक आग लागली म्हणून धावत आले. आकांक्षा वेणी घालून गेली. आईने तोंड वाकडं केलं, पण डबा दिला.

शुक्रवारी वर्ग खाजवायला लागला.

आधी मागचा बाक, मग मधला, मग सगळे. मानेवर, दंडावर, पोटावर लाल पुटकुळ्या. हुसेन सर फळ्यावर लिहिताना एका हाताने खडू आणि दुसऱ्या हाताने पाठ सांभाळत होते. दुपारपर्यंत गावात नवा व्हेरियंट आला. संध्याकाळपर्यंत त्याला नाव मिळालं : शाळेचा करोना. लोक माझ्या दारावरून जाताना तोंडावर गमछा ओढू लागले. ज्या शालीने मला गौरवलं होतं ती आईने काठीने उचलून उन्हात टाकली.

मी तत्काळ संशोधन हाती घेतलं. विषाणूची लक्षणं वाचली, चुन्याची ॲलर्जी तपासली, खडूची भुकटी भिंगाखाली पाहिली. घरात आई आकांक्षाच्या पाठीला खोबरेलात कापूर कालवून चोळत होती. तिचा हात इतका सवयीने फिरत होता की तिला विचारही करावा लागत नव्हता. मला ते दिसलं. त्याचा अर्थ मात्र मी खडूच्या भुकटीत शोधत होतो.

शनिवारी शाळेच्या पटांगणात सभा बसली. विषय एकच : शाळा बंद. गोवर्धनभाऊ उभे राहिले. "शिवमच्या यंत्राच्या भरोशावर आपन शाळा उघडली. आता लेकरं भोगून राह्यले. जाब कोन देईन?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गंमत अशी की आकांक्षाच्या वर्गातली मुलं सोडली तर त्या सभेत भीती कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. पन्नाशीतली, साठीतली, जन्मभर कापूस वेचलेली माणसं त्या पुटकुळ्यांकडे एकदा बघत आणि मग पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसत. एवढी मोठी साथ आणि एवढी शांत जनता मी पाहिली नव्हती.

"आरोग्य खात्याचं पथक बोलवू," मी म्हणालो. "ते तपासतील."

"पथक नोको!" असं एकदम वीसेक आवाज म्हणाले. त्यांत बाबांचाही होता.

"काहून नोको?" हे आकांक्षाने विचारलं.

ती मुलींमधून उठली होती. "पथक काहून नोको, बाबा?"

"तू बस खाली," बाबा म्हणाले.

"बसतो. एक सांगून बसतो." तिने बाही वर करून दंड दाखवला. "ही खाज मले ओळखू येते. दरसाल जानेवारीत येते. बाहेरच्या खोलीत कापूस भरला राह्यते, आपन त्याच्यावरच झोपतो, बारीक किडे चावते, आन आई कापूर-खोबरेल लावते. साऱ्या गावाले येते. औंदा कोनालेच नाई आली. काहून नाई आली?"

तिने बाही खाली केली.

"काहून का औंदा कापूस आपल्या खोलीत नव्हता. खोली रिकामी होती. दादा त्याच खोलीत बसून हवा मोजून राह्यला होता."

त्या क्षणी मला गाद्या आठवल्या, मेटॅडोर आठवला, न खपलेला कापूर आठवला, आणि मी केलेलं मागणी-पुरवठ्याचं विवेचनही आठवलं. पदार्थविज्ञानात माणूस अदृश्य झाल्याची नोंद नाही. मी त्या दिवशी प्रयत्न केला.

हमिदाखाला पदराने तोंड दाबत होत्या, ते सुटलं. "या अल्ला! म्हनून माया कापूर पडून राह्यला! साऱ्या गावाची खाज शाळेत ठेवली व तुमी!" खालांच्या घरी शेती नाही, त्यामुळे त्या एकट्याच मोकळेपणाने हसू शकत होत्या.

"हे पाहा," गोवर्धनभाऊ म्हणाले, "कोनाचा कापूस, किती कापूस, हे काई सिद्ध नाई. कोनी ठेवला असन, त्यानं सांगावं. आन ज्यानं ठेवला त्यानंच खोल्या झाडून द्याव्या. बोला, कोनाचा होता?"

हे आव्हान टाकताना त्यांनी स्वतःही इकडेतिकडे पाहिलं, जणू कोण उठतं याची त्यांनाच उत्सुकता होती. खोल्या चारही भरलेल्या होत्या आणि कापूस मात्र कोणाचाच नव्हता.

"बाबा," आकांक्षा म्हणाली, "घंटा वाजली होती. तुमी शबद देल्ला होता."

"दोनच दिवस वाजली," बाबा पुटपुटले. "शाळा चालली कुठी? खाजीनं बंद पडली."

"खाज कोनाची?"

बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या हातातल्या मोबाईलमधून कोणीतरी बारीक आवाजात अकोल्याचा भाव सांगत होतं. त्यांनी तो आवाज बंद केला. मग तिथेच, सभेत, मामाला फोन लावला.

"उद्या नोको आनू पाव्हन्यायले... नाई, करोना नाई गा... दुसरं स्थळ-गिळ काई नाई... पोरगी शाळेत जाते, म्हून. दहावी होऊ दे... अबे, उघडली शाळा. खाजवत का असनात, चालू हाय!"

हुसेन सर उठून गेले आणि रुळाचा तुकडा बडवू लागले. सभा संपवायची ती पद्धत नव्हती, पण त्यांना कोणी अडवलं नाही.

रविवारी सकाळी पोहे उरले होते ते खाऊन मी शाळेत गेलो. एकट्याने झाडायची मनाची तयारी केली होती. फाटकातून पाहिलं तर अख्खं गाव आलेलं. कोणी खराटा, कोणी फवारणीचा पंप, कोणी निंबाच्या पाल्याचा भारा. ज्याला त्याला विचारलं तर प्रत्येक जण 'श्रमदान' म्हणाला. गोवर्धनभाऊ बादली घेऊन फरशी धूत होते. बाबा कोपऱ्यातल्या फटींतून कापसाचे पुंजके चिमटीने वेचत होते, आणि इतक्या हळुवार वेचत होते की तो परका कापूस आहे यावर कोणाचा विश्वास बसला नसता. त्यांनी एक पुंजका बोटांत फिरवून पाहिला, नकळत खिशात घातला, मग मला पाहून बाहेर काढला.

"पाहून काय राह्यला?" ते म्हणाले. "वरची जाळी काढ. शिकेल मानूस हायेस."

मी अहवालातली एकच ओळ दुरुस्त करायचं ठरवलं होतं. 'गाद्या' खोडून 'कापूस' लिहिलं आणि प्रत पंचायतीत दिली. गोवर्धनभाऊंनी चष्मा लावून वाचलं, लेखणी घेतली, 'कापूस' खोडून पुन्हा 'गाद्या' केलं आणि म्हणाले की शास्त्रीय कागदात अशी चूक बरी दिसत नाही.

सोमवारी आकांक्षा कापूर-खोबरेलाचा वास सोडत शाळेला निघाली. दारात थांबून तिने मान खाजवली आणि माझ्या टेबलाकडे पाहिलं.

"दादा, आता ते यंत्र बाहेरच्या खोलीतून उचल," ती म्हणाली. "पुढच्या साली तिथं कापूस ठेवावा लागन."

आणि घंटा होत होती म्हणून पळाली.